टिश्यूची केळी आणि माणसाची किडनी

सावद्याच्या चौकात काल वाद पेटला तो आबांच्या जावयावरून. दोन्ही किडन्या निकामी, डायलिसिस चालू. कुणीतरी आबांच्या कानात भरवलं की शहरात एका दवाखान्यात स्टेम सेलचं, म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशीचं, इंजेक्शन देतात, किडनी नव्यानं तयार होते. आबा केळीच्या कांदेबागाचा तुकडा विकायला निघालेत.

"विकू दे ना भो," पक्या म्हणाला. "आपण टिश्यूची रोपं लावतोच ना? बाटलीत वाढवलेली. एका कोंबापासून हजारो. केळीचं होतं तर माणसाचं का नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण केळीच्या कोंबापासून मुळं, खोड, पानं, अख्खं झाड उभं राहतं. माणसाच्या पेशी बशीत वाढवल्या तर पातळ थर मिळतो, किंवा काही मिलिमीटरचा गोळा. किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. शिवाय रक्तवाहिनीपासून जरा दूर गेली की पेशी उपाशी मरते, म्हणून जाड अवयव अजून कुणाला घडवता आलेला नाही. ते काम एका इंजेक्शनानं होईल?

मास्तर मध्ये पडले. "जपानच्या यामानाकांनी २००६ साली उंदराच्या कातडीची पेशी चार जनुकं घालून मूळपदावर आणली, कुठल्याही अवयवाची होऊ शकेल अशी. २०१२ ला नोबेल मिळालं. ते काय खोटं?"

खरंच आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. पण तशी पेशी सरळ टोचली तर गाठ होऊ शकते. आधी तिला हव्या त्या अवयवाची पेशी बनवावी लागते. जिथं पातळ थर पुरतो तिथं यश आलंय. तंबाखूचा चुना उडून डोळा जळतो ना, त्यावर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत चांगल्या डोळ्याच्या कडेचा कण घेऊन, पेशी वाढवून जळक्या डोळ्यावर लावल्यात. २०२५ मध्ये तर एका चाचणीचा निकाल आला: टाइप १ मधुमेहाच्या १२ रुग्णांना प्रयोगशाळेत घडवलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिल्या होत्या, वर्षभरानं १० जणांचं इन्सुलिन बंद होतं. किडनीचं असं काही अजून झालेलं नाही.

"मरणाऱ्याला थांब म्हणायला तुझं काय जातं?" पक्या चिडला.

थांब कोण म्हणतंय? दवाखान्याला एवढंच विचारा, सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? अजून सिद्ध न झालेल्या उपचाराची चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते आणि तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जमीन विकायला लावणारा माणूस चाचणी करत नाहीये.

तेव्हा पक्यानं खरी गोष्ट सांगितली. आबांची पोरगी स्वतःची किडनी नवऱ्याला द्यायला तयार आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात बायकोचं नातं चालतं, रक्तगट वगैरे जुळायला हवं. आबाच नको म्हणतात. पोरीला कापू देणार नाही म्हणतात.

"म्हणजे आबांना इंजेक्शनाचं सांगून उपयोग नाही," मास्तर म्हणाले. "एका किडनीवर माणूस नीट जगतो, हे त्यांना कुणीतरी समजावायला हवं."

उद्या सकाळी मी आणि पक्या जातोय. सौद्याचं बोलणं दुपारी आहे.