यून यो-जंग 'रातोरात' मोठ्या झाल्या नाहीत

कोरियन अभिनेत्री यून यो-जंग यांच्याविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर फिरत आहे. थोड्याफार फरकाने त्याचा आशय असा असतो: अमेरिकेत दुकानाच्या गल्ल्यावर काम करणारी एक अनोळखी, घटस्फोटित बाई अभिनयाचे स्वप्न उराशी बाळगून आयुष्यभर झिजली, पण तिला कोणी विचारले नाही, अखेर वयाच्या 73व्या वर्षी ब्रॅड पिटने तिला संधी दिली, पहिल्याच मोठ्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले, तेव्हा कुठे जगाने तिची दखल घेतली, तिचे आयुष्य बदलले आणि अभिनयाचे ऑस्कर मिळवणारी ती पहिली आशियाई कलाकार ठरली. त्यापुढे ओघानेच उपदेश येतो, की स्वप्न सोडू नका, उशीर कधीच झालेला नसतो.

या मजकुरातले ऑस्कर खरे आहे आणि वयही खरे आहे. 19 जून 1947 रोजी जन्मलेल्या यून यांना 25 एप्रिल 2021 रोजी 'मिनारी' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्या 73 वर्षांच्याच होत्या. गल्ल्यावरची नोकरीदेखील खरी आहे, फक्त ती गोष्टीत भलत्याच ठिकाणी बसवलेली आहे. बाकीचा मजकूर मात्र एकेक करून तपासावा लागतो.

'पहिलाच मोठा चित्रपट' या शब्दांपासून सुरुवात करू. यून 1966 मध्ये, विद्यापीठात शिकत असतानाच, सोलच्या टीबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीच्या नवोदित कलाकारांच्या निवडीतून अभिनयात आल्या. 1971 मध्ये एमबीसी वाहिनीवरच्या ऐतिहासिक मालिकेत त्यांनी जांग ही-बिन ही राजाची महत्त्वाकांक्षी उपपत्नी साकारली. त्याच वर्षी किम की-यंग या दिग्दर्शकाचा 'वुमन ऑफ फायर' हा चित्रपट आला आणि त्यात यून यांनी खेड्यातून शहरातल्या घरी कामाला आलेल्या मोलकरणीची प्रमुख भूमिका केली. किम यांनी आपल्याच 1960 सालच्या 'द हाउसमेड' या चित्रपटाची ही नवी आवृत्ती काढली होती. साधीभोळी मुलगी हळूहळू त्या घराचा कसा घास घेते, हे दाखवणारी ही भूमिका आजही अंगावर येते. तिच्यासाठी यून यांना कोरियातला ब्लू ड्रॅगन पुरस्कार मिळालाच, शिवाय स्पेनमधल्या सिट्जेस चित्रपट महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून त्यांची निवड झाली. म्हणजे परदेशातले पहिले मोठे कौतुक त्यांच्या वाट्याला आले तेव्हा त्या पंचविशीतही पोहोचल्या नव्हत्या. हे शोधायला जुनी कागदपत्रे चाळण्याचीही गरज नाही. ऑस्करच्या मंचावरून त्यांनी किम की-यंग यांचे नाव घेऊन, आपले पहिले दिग्दर्शक म्हणून त्यांचे आभार मानले होते. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांनी ते जेमतेम काही मिनिटांचे भाषण ऐकले असते तरी 'पहिलाच मोठा चित्रपट' हे शब्द लिहिण्याचे धाडस झाले नसते.

दुसरा दावा गल्ल्यावरच्या नोकरीचा. मजकुरात ती नोकरी आधी येते आणि अभिनय नंतर, त्यामुळे एखादी दुकानातली बाई उचलून पडद्यावर आणली, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. नाव झाल्यावर, कारकीर्द ऐन भरात असताना, यून यांनी एका गायकाशी लग्न केले आणि 1970च्या दशकाच्या मध्यावर त्या पतीबरोबर अमेरिकेत फ्लोरिडात राहायला गेल्या. तिथे त्यांना दोन मुलगे झाले, संसार झाला आणि सुपरमार्केटमधली कॅशियरची नोकरीही झाली. जिचे नाव सोलमध्ये घराघरांत माहीत होते, ती बाई परक्या देशात गिऱ्हाइकांची बिले करत होती. गोष्ट सांगायचीच तर ही सांगावी; मजकुरातल्या गोष्टीपेक्षा ती कितीतरी अवघड आणि कितीतरी रंजक आहे. आज परदेशी पत्रकारांची भंबेरी उडवणारे जे खुसखुशीत इंग्रजी त्या बोलतात, त्याचे मूळही त्या वर्षांत आहे.

'तिला कोणी विचारले नाही' हे वाक्य अर्धवट खरे आहे आणि अर्धवट खरी वाक्ये जास्त फसवतात. 1980च्या दशकाच्या मध्यावर यून कोरियाला परतल्या आणि 1987 मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्या काळच्या कोरियन समाजात घटस्फोटित बाईने पडद्यावर दिसणेच अनेकांना खपत नव्हते आणि तशा तक्रारी प्रेक्षकांनी वाहिनीकडे केल्या होत्या, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. मात्र या विरोधामुळे त्यांचे काम थांबले, असा अर्थ काढला तर तो चूक ठरेल. ज्येष्ठ मालिकालेखिका किम सू-ह्यन त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. (याच नावाचा तरुण नट आपल्याकडच्या प्रेक्षकांना अधिक ठाऊक आहे, या लेखिका वेगळ्या आणि त्याच्याहून कितीतरी ज्येष्ठ.) 1987 ची 'लव्ह अँड अ‍ॅम्बिशन', मग 1991-92 मध्ये गाजलेली 'व्हॉट इज लव्ह', अशा किम यांच्या मालिकांमधून यून पुन्हा घरोघरी पोहोचल्या. त्यानंतरच्या तीन दशकांत त्यांनी कधी आई, कधी सासू, कधी आजी अशा भूमिका सतत केल्या. 2012 ची 'माय हजबंड गॉट अ फॅमिली' आणि वृद्ध मित्रमैत्रिणींवरची 2016 ची 'डिअर माय फ्रेंड्स' या त्यातल्या दोन ठळक मालिका. ज्या बाईचा चेहरा कोरियन घरांत जेवणाच्या वेळी पडद्यावर असे, तिला अनोळखी म्हणणे म्हणजे आपल्याला माहीत नसलेले जगाला माहीत नाही असे मानणे.

आता 'स्वप्ना'कडे वळतो, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. मजकुरातल्या यून स्वप्नासाठी झिजतात. खऱ्या यून यांनी मात्र एकदा नव्हे, अनेकदा स्वच्छ शब्दांत सांगितले आहे की, परतल्यानंतर आपण पैशासाठी काम केले. दोन मुलांना एकटीने वाढवायचे होते, म्हणून समोर येईल ती भूमिका, कितीही लहान असली तरी, त्या घेत गेल्या. ऑस्करच्या भाषणातही त्यांनी आपल्या दोन मुलांचे आभार मानले, ते त्यांनी आपल्याला घराबाहेर पडून काम करायला लावले म्हणून. मुलांनो, तुमच्या आईने इतके कष्ट केले त्याचे हे फळ, असे त्या म्हणाल्या. यात स्वप्न कुठे आहे? इथे पोटापाण्याचा धंदा आहे, आणि तो धंदा वर्षानुवर्षे नेकीने केल्यामुळे हाताला आलेली सफाई आहे. पोटासाठी केलेले काम कमी प्रतीचे आणि स्वप्नासाठी केलेले थोर, ही विभागणी मजकूर लिहिणाऱ्याची आहे, यून यांची नाही. साठी उलटल्यावर, मुले मार्गी लागल्यावर, आता आपल्याला आवडतील त्याच माणसांबरोबर काम करायचे, असे त्यांनी ठरवले आणि ही चैन आपण कमावली आहे, अशा अर्थाचे त्या बोलल्या. ही भाषा बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेल्या कोणत्याही कष्टकरी बाईला कळेल.

आणि त्या 'चैनी'तून काय आले ते पाहिले, की 'जगाने 2021 मध्ये दखल घेतली' हा दावाही टिकत नाही. 2010 मध्ये इम सांग-सू यांनी 'द हाउसमेड' पुन्हा नव्याने केला, तेव्हा यून त्यात थोरल्या मोलकरणीच्या भूमिकेत होत्या. एकाच मूळ कथेच्या दोन रूपांत, 39 वर्षांच्या अंतराने, आधी तरुण आणि मग वयस्क मोलकरीण करण्याचा योग किती नटांच्या वाट्याला येतो? घरातले प्रत्येक गुपित ठाऊक असलेली, मालकांसमोर मान खाली घालणारी आणि पाठ वळताच त्यांच्याविषयीची किळस ओठांवर आणणारी ही बाई, त्या चित्रपटातली सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा आहे, असे माझे मत आहे. तो चित्रपट कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. 2012 मध्ये तर 'द टेस्ट ऑफ मनी' आणि हाँग सांग-सू यांचा 'इन अनदर कंट्री' हे यून यांचे दोन चित्रपट एकाच वर्षी कानच्या मुख्य स्पर्धेत होते आणि दुसऱ्यात त्यांच्यासोबत फ्रान्सची अभिनेत्री इझाबेल ह्युपेर होती. 2016 मध्ये 'द बॅकस लेडी' बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. सोलमधल्या बागांत म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना शक्तिवर्धक पेयाची बाटली पुढे करत देहविक्रय करणाऱ्या वृद्ध स्त्रीची ती भूमिका, आणि तिच्यासाठी माँट्रिअलच्या फँटासिया महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अमेरिकन प्रेक्षकांपुरते बोलायचे, तर 2015 मध्ये 'सेन्स8' या मालिकेतही त्या छोट्या भूमिकेत होत्या. उशीर झाला तो त्यांना नव्हे, हॉलीवूडच्या पुरस्कारांवर मतदान करणाऱ्यांना.

ब्रॅड पिटच्या दाव्याला फार वेळ देण्याची गरज नाही. पिट यांची प्लॅन बी ही कंपनी 'मिनारी'च्या निर्मितीत होती आणि ऑस्कर जाहीर करायलाही मंचावर तेच होते. या दोन गोष्टींना जोडून कोणीतरी 'संधी दिली' असे लिहून टाकले. यून यांनी मंचावर आल्याबरोबर जे विचारले ते असे होते: अखेर भेटलात, पण आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हा आपण कुठे होतात? या एका प्रश्नात त्या दाव्याचे उत्तर मिळते. चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला तो ली आयझॅक चंग या कोरियन-अमेरिकन दिग्दर्शकाने, स्वतःच्या बालपणाच्या आठवणींवर. चित्रीकरण 2019 च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या टुल्सा परिसरात, अवघ्या 25 दिवसांत आणि अगदी मर्यादित पैशांत झाले. तुमच्या आजीची नक्कल करायची आहे का, असे यून यांनी चंग यांना आधीच विचारून घेतले होते आणि नको, तुम्ही तुमच्या पद्धतीने आजी उभी करा, असे उत्तर त्यांना मिळाले.

त्यांनी उभी केलेली आजी पडद्यावर पाहण्यासारखी आहे. कोरियाहून ती मुलीसाठी तिखटाची पूड आणि सुकी मासळी घेऊन येते आणि ती पाहून मुलीच्या डोळ्यांत पाणी येते. नातवाला चेस्टनट सोलून देताना ती तो आधी स्वतःच्या दाताखाली फोडते आणि तोंडातून काढून त्याच्यापुढे धरते. अमेरिकेत वाढलेला तो मुलगा शहारतो, आणि आजीला त्यात काय वावगे हे कळतच नाही. ती त्याच्याबरोबर पत्ते खेळते आणि खेळता खेळता शिव्या घालते. मग तिला पक्षाघात होतो, आणि तीच बाई अर्ध्या शरीराने, अडखळत्या जिभेने, चुकून पेटलेल्या आगीकडे पाहत उभी राहते. चेहऱ्याची एक बाजू आणि एक हात निकामी झाल्याचे दाखवताना यून कुठेही प्रेक्षकांकडे दया मागत नाहीत. हे कौशल्य 73व्या वर्षी अचानक सापडत नसते. मालिकांच्या सेटवर रोज नवी आई आणि नवी सासू करत असताना ते मुरत जाते.

'पहिली आशियाई' हा दावा तर सरळ चुकीचा आहे. यून अभिनयाचे ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कोरियन कलाकार आहेत. सहायक अभिनेत्रीचे हेच ऑस्कर 1958 मध्ये जपानच्या मियोशी उमेकी यांना 'सायोनारा'साठी मिळाले होते. 1985 मध्ये 'द किलिंग फील्ड्स'साठी कंबोडियाचे हाइंग एस. न्गोर यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. आणि 'गांधी'साठी 1983 मध्ये ऑस्कर घेणारे बेन किंग्सले, जन्मनाव कृष्णा भानजी, यांचे वडील गुजराती वंशाचे होते, हे निदान आपल्याकडच्या मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना तरी ठाऊक असायला हरकत नव्हती.

काही वेळा मजकुराला एक शेपूटही जोडलेले असते, की हे कोरियन चित्रपटाचे आणि कोरियन लाटेचे, म्हणजे कोरियन चित्रपट, मालिका आणि संगीताला जगभर मिळालेल्या लोकप्रियतेचे, यश आहे. 'मिनारी' कोरियन चित्रपट नाही. संवाद बहुतांशी कोरियन असले तरी ती अमेरिकन निर्मिती आहे. ती अमेरिकन असूनही गोल्डन ग्लोबने तिला परभाषिक चित्रपटांच्या गटात बसवले आणि त्यावरून बरीच टीका झाली. लाटेने वातावरण तापवले, हे मान्य केले पाहिजे. परंतु 2020 मध्ये 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाली, त्या वर्षी त्यातल्या एकाही नटाला साधे नामांकनदेखील मिळाले नव्हते. दिग्दर्शकांना वाहून नेणाऱ्या लाटेने नटांना काठावरच सोडले होते, तेव्हा यून यांच्या पुरस्काराचे श्रेय सगळे लाटेला देता येत नाही.

राहता राहिला तो 'ऑस्करने तिचे आयुष्य बदलले' हा शेवटचा दावा. अमेरिकेत पुरस्कारांची चर्चा रंगली होती त्या 2021 च्या सुरुवातीच्या महिन्यांत, कोरियन प्रेक्षक यून यांना दर आठवड्याला 'यून्स स्टे' या कार्यक्रमात परदेशी पाहुण्यांची सरबराई करताना पाहत होते. त्याआधीचा 'यून्स किचन' 2017 पासून लोकप्रिय होता. ऑस्करनंतरचे त्यांचे मोठे आंतरराष्ट्रीय काम म्हणून 'पाचिंको' या मालिकेकडे बोट दाखवले जाते, कारण ती मार्च 2022 मध्ये प्रदर्शित झाली. जपानमध्ये आयुष्य काढलेल्या सुंजा या कोरियन वृद्धेच्या त्या भूमिकेसाठी त्यांची निवड 2020 मध्येच जाहीर झाली होती आणि चित्रीकरणही त्याच वर्षी सुरू झाले होते, म्हणजे ऑस्करची नामांकने जाहीर होण्याच्या कित्येक महिने आधी.