खुलासा: 'लोखंडी छत आहे, काहीही लटकवा'

'स्टीलचं छत टनावारी वजन पेलतं, त्यामुळे एअर हँडलिंग युनिट (सेंट्रल एसीची हवा थंड करून फिरवणारी मोठी पेटी) किंवा मोठा ब्लोअर कुठल्याही पर्लिनला टांगला तरी चालतो,' असा मेसेज सध्या फिरतो आहे. हे चुकीचं आहे.

पर्लिन म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या. झेड आकाराच्या पर्लिनची जाडी साधारण १.५ ते ३ मिमी असते. पत्रा, वारा आणि पसरलेला हलका भार एवढ्याच हिशेबाने ती निवडलेली असते. छत एकूण किती टन पेलतं, हा आकडा इथे बिनकामाचा. फक्त दोन टोकांना टेकलेल्या पर्लिनच्या बरोबर मध्यावर १५० किलो टांगले, तर तिला वाकवणारा जास्तीत जास्त जोर सगळ्या लांबीवर पसरलेल्या ३०० किलोंइतका येतो. म्हणजे ६०० किलोचं युनिट चार रॉडवर टांगलं आणि त्यातले दोन रॉड एकाच पर्लिनवर आले, तर काय होईल ते बघा. शिवाय युनिटमधल्या पाणी भरलेल्या कॉइलचं (हवा थंड करणाऱ्या नळ्यांचं) वजन आणि पंख्याची थरथर वेगळीच.

रॉडचा क्लॅम्प पर्लिनच्या खालच्या ओठाला, म्हणजे दुमडलेल्या कडेला, अडकवणं तर त्याहून वाईट, पर्लिन पिळवटते. पातळ पर्लिनला वेल्डिंगही नको.

ट्रसला (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) टांगायचं असेल तर त्याच्या पट्ट्या जुळतात त्या सांध्यावर, दोन सांध्यांच्या मधे नाही. तेसुद्धा मूळ ड्रॉइंग पाहून, स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब केल्यावरच. बहुतेकदा दोन मुख्य फ्रेममध्ये वेगळी बीम टाकावी लागते. काँट्रॅक्टर 'आजवर काही झालं नाही' म्हणाला, तरी तो हिशेब नव्हे.