कुळ कायदा भाऊंचा, पण जमिनीची मालकी नंतरची

भाऊसाहेब बांदोडकरांवरचा तुमचा लेख चांगला आहे. खाणमालक ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री हा त्यांचा प्रवास नेमका आलाय. पण ‘१९६४ च्या कायद्याने भाऊंनी कुळांना जमिनी दिल्या’ हे वाक्य दुरुस्त करा. त्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळालं आणि भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, खंड उत्पन्नाच्या जास्तीत जास्त एक षष्ठांशावर आला. भाटकार कुळाला मनाला येईल तेव्हा काढू शकत नव्हता, हीच तेव्हा मोठी गोष्ट. मालकीचा हक्क आला तो १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना. भाऊ १९७३ सालीच गेले होते.

हा फरक आजही महागात पडतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदींचा उतारा) कुळ म्हणून आजोबांचं नाव दिसलं की घरचे ‘जमीन आमचीच’ म्हणून मोकळे होतात. तसं नसतं! मामलेदाराकडे चौकशी होऊन खरेदीची किंमत ठरते, ती भरली की सनद, म्हणजे खरेदीचा दाखला, मिळते, मग मालकाच्या रकान्यात नाव चढवून घ्यायचं. किंमत बहुतेक किरकोळ. अडतं ते वारसांपाशी. दोन पिढ्या उलटल्यावर वारसांचे दाखले गोळा करणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मोठी कटकट, त्यात निम्मे मुंबईत.

जाता जाता, १९६७ च्या सार्वमतात भाऊंना हवं असलेलं गोव्याचं महाराष्ट्रातलं विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं, आणि त्याच वर्षी भाऊ परत निवडून आले. खरं तर त्यावर लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या.