फुगा लावला म्हणून गोळी सुटत नाही

आपल्या भागातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘ठोके बेताल झाले असतील तर नागपुरात बर्फाच्या फुग्याने हृदय गोठवतात, धोका नाही, आजार कायमचा जातो, रक्त पातळ करण्याची गोळी बंद.’

हृदय गोठवत नाहीत. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात नेतात, फुफ्फुसाकडून येणाऱ्या प्रत्येक शिरेच्या तोंडाशी फुगा टेकवतात आणि नायट्रस ऑक्साइडने तेवढीच कड काही मिनिटे थिजवतात. एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या बेताल ठोक्यांची, ठिणगी बहुधा या शिरांतून पडते, हे बोर्डोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवले होते.

धोका कमी आहे, पण आहे. उजव्या शिरा गोठवताना श्वासपटलाची नस दुखावू शकते, म्हणून त्या नसेला विजेचे हलके ठोके देत डॉक्टर रुग्णाच्या बरगडीखाली तळहात ठेवून बसतात आणि पटलाची उसळी मंदावताच गोठवणे थांबवतात. क्वचित हृदयाभोवती रक्त साचते किंवा लकवा होतो.

‘कायमचा’ हा शब्द तर टिकतच नाही. कॅनडातल्या ३०३ रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात फुग्यानंतर सुमारे ४३ टक्के आणि ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या औषधांवर सुमारे ६८ टक्के जणांचे ठोके पुन्हा बिघडले. फायदा खरा आहे, आणि ज्याला परवडेल त्याने हा उपचार जरूर विचारात घ्यावा.

खरा घात संदेशाच्या शेवटच्या शब्दांत, ‘गोळी बंद’मध्ये, आहे. उपचारानंतर किमान दोन महिने गोळी सर्वांनाच लागते; पुढे ती चालू ठेवायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वी लकवा होऊन गेला का यावर ठरते, ठोके सुधारले एवढ्यावरून नाही. त्यातही लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झालेल्यांना, आणि असे रुग्ण आपल्याकडे आजही आहेत, हा संदेश मुळीच लागू नाही. त्यांची वॉरफॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी जुनी गोळी, त्याच कामाच्या नव्या गोळीनेही बदलू नये, कारण २०२२ च्या मोठ्या चाचणीत नव्या गोळीपेक्षा जुन्या औषधावर मृत्यू कमी झाले.

आयएनआर, म्हणजे वॉरफॅरिनने रक्त किती पातळ झाले याचे माप, तपासायला तालुक्याला जायचे म्हणजे वेचणीची मजुरी बुडते, म्हणूनच ‘गोळी बंद’ हे शब्द इतके गोड लागतात, हे मी जाणतो. तरीही ज्यांनी संदेश वाचून गोळी थांबवली असेल त्यांनी मनाने डोस वाढवून भरपाई करू नये. कोणत्या दिवसापासून थांबवली ते आजच डॉक्टरांना सांगावे आणि आयएनआर पुन्हा तपासून घ्यावा.