घटात धान उगवलं नाही? आधी माती बघा

नवरात्रात तिसरी-चौथी माळ, म्हणजे तिसरा-चौथा दिवस, आला की ठरलेली कुजबुज सुरू होते. कुणाच्या घटात कोंबच दिसत नाहीत, कुणाच्या परडीत, म्हणजे घटाखालच्या धान पेरलेल्या टोपलीत, पांढरी बुरशी. मग 'काहीतरी चुकलं', 'देवी रागावली', आणि मोबाइलवर फिरणारे तोडगे. माझं मत सरळ आहे. धान न उगवण्याचं कारण जवळजवळ नेहमी बियाण्यात, मातीत नाहीतर पाण्यात सापडतं. आपल्या निष्काळजीपणाचं खापर देवीवर फोडू नये.

अश्विन शुद्ध प्रतिपदेचा सुमार बघा. खरीप काढणीला आलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते. अशा वेळी देवघरात शेतातली काळी माती येते, घरातलं धान्य येतं आणि पाण्याने भरलेला घट येतो. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीच्या अकराव्या अध्यायात देवी सांगते की, शंभर वर्षांचं अवर्षण पडेल तेव्हा माझ्याच देहातून उगवलेल्या भाजीपाल्यावर मी जगाला पोसेन. तीच शाकंभरी. ते वाचल्यावर परडीतल्या कोंबांना 'सजावट' म्हणणं जड जातं. घट हे देवीचं रूप मानतो, तर ते धानही तिचंच रूप. शेतकऱ्याच्या घरात कुठलं धान जोमात आलं हे आजही निरखून बघतात, आणि मला त्यात श्रद्धा आणि शेती वेगळी काढता येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. बियाण्यापासून सुरुवात करू, कारण पहिली चूक तिथेच होते. किराणा दुकानातली डाळ उगवत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण पॉलिश केलेला तांदूळ, साल काढलेली बाजरी, भाजलेले तीळ हेही उगवत नाहीत, हे विसरलं जातं. भात हवा असेल तर सालासकट साळ घ्या. गहू, ज्वारी, बाजरी, मका, मूग, उडीद, हरभरा, करडई, जवस यातली सात किंवा नऊ, आपल्या कुळाचारात असतील ती. दुसरी चूक म्हणजे पेरणीसाठी आणलेलं गुलाबी-लाल रंग चढवलेलं बियाणं वापरणं. त्याला औषध चोळलेलं असतं. देवघरात, लहान मुलांच्या हाताशी ते नको. धान्य जुनं वाटत असेल तर चार-पाच दिवस आधी प्रत्येकी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ दाण्यांना मोड आले तर बिनधास्त पेरा.

बारा इंची परडीला तीन-चार किलो माती आणि सगळं मिळून दोन-तीन मुठी धान्य पुरे. दाटीने पेरलं की दाट उगवतं असा समज आहे. प्रत्यक्षात दाण्यावर दाणा बसला की खालचा गुदमरतो आणि कुजायला लागतो. काळी माती नुसती वापरली तर पाणी पडल्यावर चिकट होते आणि सुकल्यावर वर पापडी धरते. कोंबाला ती फोडता येत नाही. तीन भाग मातीला एक भाग जाड रेती किंवा जुनं, चाळलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, ते तापतं. खाली दोन बोटं मातीचा थर, त्यावर धान्य, त्यावर जेमतेम दाणा झाकेल इतकी भुसभुशीत माती.

गहू, ज्वारी, बाजरी आदल्या रात्री भिजत घाला, साळ एक दिवस आणखी आधी. हरभरा चार-पाच तासांच्या वर भिजवू नका, आणि तो परडीच्या कडेला पेरा. घटाच्या पोटाजवळची माती सगळ्यांत ओली राहते; तिथे हरभरा फुगतो, फुटतो आणि वास मारतो. तिथे साळ चांगली येते.

ओल घटाजवळ जास्त का, हाच या मांडणीचा गाभा आहे. मातीचा घट झिरपतो. आत भरलेलं पाणी भिंतीतून हळूहळू बाहेर येतं आणि परडीतली माती सतत ओलसर ठेवतं. शिंपलेल्या पाण्यापेक्षा या झिरप्यावर धान जास्त चांगलं वाढतं. पण रंगवलेला, चकचकीत घट आणला तर हे सगळं बंद. आणल्यावर घट पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फडक्यावर ठेवा. सकाळी फडकं ओलं लागलं की घट चांगला. तांब्याचा कलश बसवायची रीत असेल तर तो जरूर बसवा, फक्त पाणी हाताने द्यावं लागेल हे लक्षात ठेवा. घटात सुपारी, हळकुंड, नाणं, अक्षता, दूर्वा घाला. तोंडाशी विड्याची किंवा आंब्याची पाच पानं आणि शेंडी वर करून नारळ. डोळे कोरडे आहेत ना, हे पाहूनच नारळ घ्या. ओलसर डोळ्याचा नारळ नऊ दिवस टिकत नाही.

परडीऐवजी पितळी ताटात माती घातली तर पाण्याला खाली जायला वाटच नाही. वर कोरडं दिसतं म्हणून आपण पाणी घालतो आणि तळाशी चिखल होतो. खरी बुरशी तिथून येते. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये, इतकीच ओल हवी. पहिल्या दिवसानंतर झिरपत्या घटाला रोज वरून अर्धी वाटी शिंपण पुरतं. घट मात्र रोज काठोकाठ भरा. दूध, पंचामृत, नैवेद्याचं शीत परडीत पडू देऊ नका. भक्तिभावाने घातलेलं चमचाभर दूधसुद्धा दोन दिवसांत आंबतं.

आणि प्रत्येक पांढरी गोष्ट बुरशी नसते. कोवळ्या मुळाभोवती बारीक लव असते, ती सारखी दिसते आणि पाणी शिंपडलं की बसते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते आणि आंबूस वास येतो. तसं झालं तर तेवढे दाणे चमच्याने काढा, एक दिवस वरून पाणी बंद ठेवा, हवा खेळू द्या. वाटल्यास हळद भुरभुरवा, पण मुख्य काम हवेचं.

मूग, उडीद दोन-तीन दिवसांत वर येतात, गहू-ज्वारी तीन-चार, मका त्यानंतर. साळ कधी कधी आठवडा घेते. त्यामुळे दुसऱ्या माळेला माती उकरून बघण्याची घाई करू नका. कोंब पिवळे आले म्हणूनही काळजी नको. देवघरात उजेड कमी, म्हणून हिरवेपणा धरत नाही आणि उंची मात्र झपाट्याने वाढते.

माळांबद्दल थोडंसं. तरवड, कारळा, तीळ, झेंडू, गोकर्ण, जे त्या दिवसांत आपल्या रानात फुलतं त्याची माळ. माळ घटावर सोडावी, पण धानाला टेकू नये; ओला झेंडू कोंबांवर पडला की सडलाच. फुलोऱ्याच्या कडाकण्या, म्हणजे देवीवर टांगायच्या तळलेल्या पुऱ्या, बांधताना तेच: तेल निथळू द्या, मगच ओवा. रोजच्या साडीच्या रंगांचं म्हणाल तर ती अलीकडची, वारावरून ठरवलेली हौस आहे. हौस म्हणून छान, पण रंग चुकला म्हणून कुणाला टोचून बोलायला शास्त्राचा आधार नाही.

अखंड दिव्याला दोन वाती ठेवा. एकीची काजळी झाडताना दुसरी तेवत राहते. पहिल्या संध्याकाळी दोन तासांत तेल किती उतरतं ते बघून ठेवलं की रात्री उठून धावपळ होत नाही. समईला काचेची चिमणी लावा, आणि माळांची दोरी ज्योतीपासून हातभर लांब.

सोयर-सुतकामुळे प्रतिपदा हुकली तर नवरात्र बुडालं असं नाही. तृतीयेला बसवून सात दिवसांचं, पंचमीला पाच, सप्तमीला तीन, अष्टमीला एका दिवसाचंही नवरात्र करता येतं. ज्यांना नऊ दिवस उपास झेपत नाही ते उठता-बसता, म्हणजे घट बसतो आणि उठतो त्या दोनच दिवशी, करतात, तोही पूर्ण उपासच. मधुमेहाची गोळी चुकवून केलेल्या उपासाचं मला कौतुक नाही.

घट नवमीला उठवायचा की दसऱ्याला, हे कुळाचाराने ठरतं. धान उपटताना मुळं धुऊन घ्या. थोडं देवीला, थोडं टोपीत-फेट्यात आणि वेणीत, थोडं वडीलधाऱ्यांच्या हाती. घटातलं पाणी घरभर शिंपडून उरलेलं तुळशीला घालतात. माती मात्र नदीत टाकू नका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून तर अजिबातच नाही. शेत असेल तर शेतात पसरा, नसेल तर कुंडीत. हरभऱ्याची आणि साळीची दोन-चार रोपं मुळासकट तशीच लावली तर धरतात.