मोठ्या पडद्याचे पैसे घेता, तर त्या पडद्याकडे बघा तरी

रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये मोठ्या पडद्याचा खेळ बघायला गेलो होतो. साडेसहाशे रुपयांचे एक तिकीट, त्यावर दर तिकिटामागे वेगळे सुविधा शुल्क. चित्रपट निम्म्याहून अधिक रात्रीचा, त्यामुळे तो बघायचा तर चांगल्या प्रकाशात, मोठ्या पडद्यावरच, असे ठरवून पंधरा दिवस थांबलो होतो. पहिल्याच दृश्यापासून पडद्यावर काळोख होता. माणसांचे चेहरे मातकट, आकाश आणि डोंगर एकाच राखी रंगाचे, आणि दिव्याच्या उजेडात घडणाऱ्या प्रसंगात कोण बोलते आहे ते आवाजावरून ओळखायचे. खास या खेळासाठी सांगलीहून आलेला माझा भाचा थोड्या वेळाने कानाशी येऊन म्हणाला, "मामा, मोठ्या पडद्यावर असंच दिसतं का?" त्या प्रश्नाने जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

मी बाहेर आलो. दाराशी वॉकीटॉकी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला सांगितले, तर तो पडद्याकडे न बघताच म्हणाला, "सर, पिक्चरच डार्क आहे." त्याच्या वरिष्ठाला बोलवायला लावले. ते आले, दारातून एकदा आत डोकावले आणि म्हणाले, "सर, प्रोजेक्शन सगळं ऑटोमॅटिक असतं, त्यात आम्हाला काही करता येत नाही." आत शिरताना दाराशीच थ्रीडीचे चष्मे जमा करण्याची पेटी भरलेली दिसली होती, म्हणजे आधीचा खेळ थ्रीडीचा होता. म्हणून मी त्यांना स्पष्ट शब्दांत विनंती केली, की कृपा करून कोणाला तरी वर पाठवा आणि भिंगासमोरची थ्रीडीची काच बाजूला केली आहे का, तेवढे बघून घ्या. त्यावर मला सांगण्यात आले, की तक्रार असल्यास ॲपवर नोंदवावी. मी तिथून हललो नाही. आवाज चढला, आजूबाजूचे लोक बघायला लागले, तेव्हा कुठे एक माणूस वर गेला, आणि एका संवादाच्या मध्यावर पडदा एकदम उजळला. अख्ख्या सभागृहाच्या तोंडून "अरे!" निघाले. ज्या भिंती आतापर्यंत काळ्या दिसत होत्या त्या निळ्या होत्या, आणि एका पात्राच्या गालावर जखमेचा व्रण होता, जो आम्हाला तोवर दिसलाच नव्हता.

तोपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे गेली होती. खेळ थांबवला नाही, पुन्हा सुरुवातीपासून लावला नाही, दोन शब्दांची घोषणासुद्धा केली नाही. मध्यंतरात तेच गृहस्थ माझ्यासमोर येऊन विचारतात, "आता व्यवस्थित आहे ना, सर?" नाही, व्यवस्थित नाही. ज्या चाळीस मिनिटांत दिग्दर्शकाने माणसे, जागा आणि त्यांच्यातले वैर उभे केले, ती चाळीस मिनिटे तुम्ही काळोखात बुडवलीत, आणि तुमच्या बोलण्यात अपराधाची पुसटशी जाणीवही नाही. मी बाहेर आलो नसतो, तर संपूर्ण चित्रपट तसाच चालला असता आणि तीनेकशे माणसे चित्रपटालाच नावे ठेवत घरी गेली असती. छायाचित्रणकाराने महिनोन्महिने खपून रंगवलेली रात्र तुमच्या एका काचेपायी बदनाम झाली असती.

पडद्यावर किती प्रकाश पडावा याचे प्रमाण ठरलेले आहे. साध्या, म्हणजे टूडी डिजिटल खेळाला ते 14 फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) असते आणि ते मोजण्याची साधने मिळतात. थ्रीडीचे ध्रुवीकरण करणारी काच त्यातला फार मोठा वाटा खाते, हे प्रक्षेपणाच्या धंद्यातल्या नवख्या माणसालाही ठाऊक असते. प्रक्षेपकातला दिवा जुना झाला तरी चित्र मंदावते. म्हणजे हा काही गूढ, न सापडणारा बिघाड नव्हता. खेळ सुरू झाल्यावर एका माणसाने मिनिटभर पडद्याकडे बघितले असते तरी तो लक्षात आला असता. पण बघायला माणूसच ठेवलेला नाही. आता चित्रपट फाइलच्या रूपाने येतो, कुलूप उघडणारी सांकेतिक किल्ली वेगळी येते, जाहिराती आणि चित्रपट यांची यादी संगणकात लावलेली असते, आणि ठरल्या वेळी दिवे मंदावून खेळ आपोआप सुरू होतो. या सोयीबद्दल माझी तक्रार नाही. त्या सोयीच्या नावाखाली प्रक्षेपण खोलीतला माणूस काढून टाकलात आणि त्याच्या पगाराचे वाचलेले पैसे दारातल्या झुंबरांना लावलेत, याबद्दल माझी तक्रार आहे.

गणेशखिंड रस्त्यावरच्या, नावातच 70 एमएम (म्हणजे 70 मिलिमीटर रुंदीची मोठी फिल्म) मिरवणाऱ्या राहुलमध्ये किंवा टिळक चौकातल्या अलकामध्ये ज्यांनी इंग्रजी चित्रपट पाहिले आहेत, त्यांना आठवत असेल, की चित्र जरा धूसर झाले तर मागच्या रांगेतून "ओ ऑपरेटर, फोकस!" अशी आरोळी जायची आणि क्षणात चित्र नीट व्हायचे. कारण वर माणूस होता आणि त्याचे डोळे पडद्यावर होते. वीसेक मिनिटांनी रीळ बदलायचे असायचे. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसला, की दुसरे यंत्र सुरू करायचे. त्याला बघत राहावेच लागे. त्या काळी खुर्च्या मोडक्या होत्या, ढेकूण होते, पंखे खडखडत, हे सगळे मला मान्य आहे. पण चित्राचा वाली कोणीतरी होता. आज आरोळी मारली तर ती ऐकायला खिडकीपलीकडे कोणी नसते.

आणि हे पुण्यात चालावे, याचा मला अधिक राग येतो. ज्या शहरात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जिथला प्रेक्षक महोत्सवात सकाळी नऊच्या खेळाला रांग लावतो, तिथे "पिक्चरच डार्क आहे" असे तोंडावर सांगण्याची हिंमत यांना होते. मोठ्या पडद्यासाठी आपण काय कमी सोसले आहे? 2001 मध्ये वडाळ्याला आयमॅक्सचा, म्हणजे अतिविशाल पडद्याचा, घुमट सुरू झाला, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण त्यासाठी मुंबईला गेले. 2023 च्या जुलैमध्ये 'ओपनहायमर' आला. आयमॅक्सच्या 70 एमएम फिल्मवर तो जगभरात जेमतेम 30 ठिकाणी दाखवला गेला. सुमारे 18 किलोमीटर लांब आणि 270 किलोंच्या आसपास वजनाची ती प्रिंट भारतात एकाही ठिकाणी लागली नाही. उंच, जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी चित्रित केलेल्या प्रसंगांचा वरचा आणि खालचा भाग कापलेली डिजिटल आवृत्ती आपण तिप्पट दराने पाहिली आणि तरीही समाधान मानले. 2024 च्या डिसेंबरमध्ये 'इंटरस्टेलर' पुन्हा लागणार म्हणून सुट्ट्या टाकून बसलो, तर देशातले आयमॅक्सचे पडदे 'पुष्पा 2'ला दिलेले निघाले. आपल्याकडे तो 7 फेब्रुवारी 2025 ला उगवला. तेही सोसले. देशातला पहिला डॉल्बी सिनेमा (डॉल्बी कंपनीच्या चित्र आणि ध्वनी तंत्राचे खास सभागृह) 2025 साली आपल्या खराडीत सुरू झाला, तेव्हा वाटले की आता बाकीच्यांना निदान स्पर्धेपोटी तरी पडदा नीट ठेवावा लागेल. रविवारी त्या आशेचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

सभागृहातल्या दिव्यांबद्दलही सांगतो. शेवटची चौकट विरण्याआधी, श्रेयनामावलीचे पहिले नाव येण्याआधी, सभागृहाचे सगळे दिवे भसकन लावले जातात आणि झाडू घेतलेली माणसे रांगांत शिरतात. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. दोन खेळांच्या मध्ये मोजून मिनिटे ठेवणाऱ्यांचा आहे. ज्या चित्रपटाला मध्यंतर नाही त्याला वाक्य तोडून मध्यंतर देणारे हेच, आणि शीर्षक झळकताच मोबाइल उंचावून चित्रीकरण करणाऱ्याला एका शब्दाने न हटकणारेही हेच. मागच्या रांगेत एक जण मध्यंतरापर्यंत फोनवर भूखंडाचा व्यवहार करत होता. मी वळून "अहो, जरा हळू" म्हटले, तर त्यानेच मला दम दिला, आणि दारातला मुलगा दारातच उभा राहिला. या मंडळींना फक्त एकाच गोष्टीचा पहारा नीट जमतो, तो म्हणजे माझ्या पिशवीतला चिवड्याचा डबा शोधून काढण्याचा. मोफत पिण्याचे पाणी ठेवलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली बजावले. इथे पाण्याचा नळ कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहाच्या मागे आहे आणि त्याला पेला नाही.

सोमवारी मी लेखी तक्रार केली. उत्तर आले, की झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे आणि पुढच्या भेटीत पॉपकॉर्नवर सवलत मिळेल. मला पॉपकॉर्न नको आहे. मला दोन्ही तिकिटांचे पैसे सुविधा शुल्कासह परत हवे आहेत, आणि थ्रीडीच्या खेळानंतर साधा खेळ लागला, की कोणीतरी आत उभे राहून पहिली पाच मिनिटे पडदा तपासेल, असे लेखी आश्वासन हवे आहे. 2025 च्या फेब्रुवारीत बंगळूरूच्या ग्राहक आयोगाने चित्रपटाआधी 25 मिनिटे जाहिराती दाखवणाऱ्यांना भरपाई द्यायला लावली होती. उच्च न्यायालयाने पुढे त्या आदेशाला स्थगिती दिली, हे मला माहीत आहे. पण माझी तक्रार जाहिरातींची नाही, विकलेली वस्तूच दिली नाही याची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. या आठवडाअखेर पैसे आले नाहीत, तर मी पुण्याच्या जिल्हा आयोगात अर्ज देणार आहे. रविवारी संध्याकाळच्या त्या खेळाला जे कोणी होते, त्यांनी फोनमधले तिकीट पुसू नये आणि साक्षीला यायची तयारी असेल तर मला कळवावे.