चाळीस ग्रॅमचा धसका

लेपर्ड गेको (घरी पाळली जाणारी ठिपकेदार पाल) नव्यानं पाळणाऱ्यांना हल्ली एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो: "सहा महिन्यांचं पिल्लू ४० ग्रॅमच्या खाली असेल तर ते उपाशी आहे. रोज वाटीभर मीलवर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या अळ्या) ठेवा, सोबत दुसरं पिल्लू सोडा म्हणजे चढाओढीनं खाईल, कॅल्शियम दुप्पट करा. महिन्याभरात फरक दिसेल."

मंद वाढीकडे दुर्लक्ष करू नये, एवढं यातलं बरोबर आहे. बाकी जवळजवळ काहीच नाही.

आधी तो ४० चा आकडा. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू साधारण ३ ग्रॅमचं असतं, आणि पूर्ण वाढलेला गेको बहुतेक वेळा ५० ते ८० ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी थांबतो. माद्या नरांपेक्षा सहसा लहान. हा पल्ला कुणी दहा महिन्यांत गाठतं, कुणाला दीड वर्ष लागतं. मादी एका खेपेला सहसा दोन अंडी घालते. त्या दोन अंड्यांतली सख्खी भावंडंसुद्धा सारख्या वेगानं वाढतीलच असं नाही. अंडी कोणत्या तापमानाला उबवली यावर तर पिल्लू नर होणार की मादी हेच ठरतं, म्हणजे वाढीतला फरक काही अंशी अंड्यातच सुरू झालेला असतो. शिवाय 'सहा महिने' हे वय तरी कुणी सांगितलं? बऱ्याचदा विकणाऱ्यानं, तेही अंदाजानं. चार महिन्यांच्या पिल्लाला सहाचं समजून आपण रात्र रात्र काळजी करत बसतो.

आकडा बघायचाच असेल तर त्याच पिल्लाचा मागच्या आठवड्याचा बघा. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा डबा, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी, खाण्याआधी. २२, २३, २५ असं चढत असेल तर पिल्लू लहान आहे, आजारी नाही. महिनाभर २२ वरच अडकलं असेल तर कारण शोधायला हवं. आणि २२ वरून १९ वर आलं तर वाट बघत बसू नका.

आता 'उपाशी आहे' हे निदान. मला सर्वात जास्त खटकतं ते हेच, कारण त्यामुळे माणूस वाटीकडे बघतो आणि टाकी गरम ठेवणाऱ्या विजेच्या मॅटकडे बघत नाही. गेको स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही. गिळलेली अळी पचवायला लागणारी ऊब त्याला बाहेरून, मुख्यतः पोटाखालच्या गरम जमिनीतून घ्यावी लागते. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ कोरड्या भागातला हा प्राणी. संध्याकाळी बाहेर पडतो आणि तापलेल्या दगडाला चिकटून बसतो. टाकीतल्या उबदार कोपऱ्याचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवा, दुसरं टोक २५ च्या आसपास. उबदार कोपराच २६ वर असेल तर खाल्लेलं पोटात नुसतं पडून राहतं, भूक मरते, आणि कधीकधी अर्धवट पचलेला किडा उलटून बाहेर येतो. अशा पिल्लाला आणखी भरवणं म्हणजे चूल विझलेली असताना भांड्यात तांदूळ ओतत राहणं.

माझ्या पहिल्या गेकोच्या वेळी मी नेमका इथेच फसलो. काचेला चिकटवलेला गोल तापमापी ३१ दाखवायचा आणि मी निर्धास्त. तापमापी चिकटवला होता काचेच्या मध्यावर, गेको बसायचा खाली जमिनीवर. सेन्सरची वायर जमिनीवर ठेवून मोजलं तेव्हा तिथे २७ निघाले. मॅटला थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण) लावून ते ३२ वर आणलं आणि खाणं तेवढंच ठेवलं, तरी दीड महिना हलला नव्हता तो वजनाचा काटा हलला. (थर्मोस्टॅटशिवाय मॅट नकोच. तो जास्त तापला तर पोट भाजतं.)

वाटीभर मीलवर्मबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मीलवर्म वाईट नाहीत, पण फक्त तेच आणि अमर्याद, हे चुकीचं. वाढत्या पिल्लाला रोज पाच-सात किडे पुरतात; किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रातकिडे, लहान डुबिया झुरळं असा फेर ठेवावा, आणि त्या किड्यांनाही आदल्या दिवशी नीट खाऊ घालावं. रिकाम्या पोटाचा किडा म्हणजे नुसतं टरफल. वजन झटपट वाढावं म्हणून मेणअळ्या देणारेही आहेत. त्यानं चरबी वाढते, हाडं वाढत नाहीत, आणि पिल्लाला चटक लागली की ते दुसरं काही तोंडात घेत नाही.

सोबतीचा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. लेपर्ड गेको कळपात राहणारा प्राणी नाही. दोन पिल्लं एकमेकांवर पडून झोपलेली दिसली की आपल्याला माया वाटते; प्रत्यक्षात दोघांनाही तोच एक उबदार कोपरा हवा असतो आणि दांडगं पिल्लू वर बसलेलं असतं. दुबळं बाजूला सरतं, थंड टोकाला राहतं, कमी खातं, खाल्लेलं पचवू शकत नाही. शेपटी चावली जाते, कधी तुटते, आणि शेपूट म्हणजे त्याचा चरबीचा साठा. एकत्र ठेवलेल्यांपैकी एकच खुरटलं असेल तर पहिला उपाय वेगळी टाकी.

कॅल्शियम दुप्पट करण्यामागचा विचार कळतो. किड्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतं, त्यामुळे पावडर लागतेच. ती न मिळालेल्या पिल्लाचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, वाढ खुंटते. पण कॅल्शियम शरीरात शोषलं जायला डी३ जीवनसत्त्व लागतं, आणि डी३ चरबीत साठतं, जास्त झालेलं सहजी बाहेर पडत नाही. डी३ असलेली पावडर रोज दुप्पट दिली तर विषबाधा होऊ शकते. डब्यावर डी३ आहे की नाही ते आधी वाचा. साधी कॅल्शियम पावडर बहुतेक जेवणांना, डी३ वाली अधूनमधून. यूव्हीबी दिवा (याच्या अतिनील किरणांनी शरीर स्वतःच डी३ बनवतं) असेल तर त्याहून कमी.

राहिला 'महिन्याभरात फरक'. ऊब, खाणं, एकांत सगळं नीट असूनही वजन उतरतंय, शेपूट काडीसारखी होत चाललीय, विष्ठा पातळ आहे, अशा पिल्लाला महिनाभर प्रयोग करायला वेळच नसतो. पोटातले जंत असतील तर ते औषधानं जातात. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला सूक्ष्म परजीवी असेल तर खात्रीचा उपचार नाही, तो दुसऱ्या गेकोंना सहज लागतो आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. म्हणून असं पिल्लू त्याच दिवशी वेगळं काढायचं, त्याचे चिमटे आणि वाट्याही वेगळ्या. ताजी विष्ठा हवाबंद डबीत घालून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यायची. एका नमुन्यात काही सापडलं नाही तरी सुटका झाली असं धरू नका. हा परजीवी दर वेळी विष्ठेत उतरतोच असं नाही, नमुना पुन्हा द्यावा लागतो.